दिवा सोडून बघणे

चाळीस हजारांत एकदा पडतं.
रिगाच्या त्या बाईनं एवढंच लिहिलंय,
खाली पडल्या जागेचा सोळा आकडी पत्ता
आणि शेवटी "घाई नाही". म्हणजे आहे.

हरिपुरात रात्रीचा दीड. लाईट गेलेली,
इन्व्हर्टर मिनिटाला एकदा कण्हतो.
माझ्या अंगणाखाली, पलीकडच्या रस्त्याखाली
हळदीची पेवं आहेत, बहुतेक आता रिकामी,
आणि मांडीवर हे यंत्र, ज्याच्या पोटात
दुसरं एक यंत्र, नुसतं लिहिलेलं,
कुठल्याच कारखान्यात न घडलेलं.
बारा वर्षं त्याची डागडुजी करते. पगार नाही.
कुणी विचारलं तर सांगते, कॉम्प्युटरचं काम.

सातगोंडा आण्णा पेवात उतरायचे.
आधी तोंड उघडून ठेवायचं, तसंच, दिवसभर.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
"इझला तर उतरायचं न्हाई.
जळत ऱ्हायला, तर मग बघू."

मीही तेच करते. संशय येतो तिथं
छापायची एक ओळ आत सोडते:
इथवर आलो. इथवर आलो. इथवर आलो.
आणि मग ते पडतच नाही.
एक लाख फेऱ्या. दोन लाख.
ओळ काढली की एकोणचाळीस हजारांवर आडवं.

आण्णांच्या पेवात असं नव्हतं.
दिवा सोडला म्हणून आतली हवा बदलत नसे.

तिसऱ्या रात्री कंपायलरचंच हस्ताक्षर वाचायला बसले.
हुशार आहे तो. सारखं लागणारं काही असलं
की वाकायला नको म्हणून मुठीतच धरतो,
रजिस्टरात.
मधेच मेमरी झाडणारा येतो,
नको ते फेकतो, हवं ते उचलून
एका कडेला खेटून लावतो
आणि वहीत ज्यांची ज्यांची नोंद आहे
त्या सगळ्यांना नवा पत्ता कळवतो.

मुठीची नोंद वहीत नाही.

एरवी छापायच्या ओळीपाशी, पाहुणा आल्यासारखी,
तो मूठ उघडायचा, सगळं नीट लिहून ठेवायचा.
पाहुणा नसला की जुना पत्ता घट्ट धरून
चालत राहायचा, जिथं आता
दुसऱ्याच कुणाचं काहीतरी ठेवलेलं.

पेवांना वर खूण नसते.
चिंचेपासून एकोणीस पावलं, मग घाटाकडं तोंड करून सात,
हे आण्णांच्या डोक्यात. महापुरात चिंच गेली.
पाणी उतरल्यावर आण्णा चिखलात उभे होते,
एक हात हवेत, खोडाच्या उंचीवर टेकवलेला.
मी नववीत होते. हसले होते.

आता याच जागी पूर्वी एक ओळ होती,
"मूठ उघड" एवढंच सांगणारी,
आणि वर कुणीतरी लिहून गेलेलं:
हात लावू नका. कारण आता आठवत नाही.
कुणी काढली, हे विचारता येतं.
विचारलं.
त्रिशला चौगुले, सहा वर्षांपूर्वी, रात्री सव्वादोन:
"निरुपयोगी ओळ काढली. वेग वाढला."

उठून पाणी प्यायले. माठात थोडंच होतं.
माझं नाव मी दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं
परत एकदा वाचलं.

ओळ जागेवर ठेवली.
वर कारण लिहिलं, अकरा ओळी,
कोण काय धरतं, कोण काय हलवतं,
पडलं तर कसं पडतं.
कुठल्याही चिंचेपासून मोजलं नाही.
तरी कुणीतरी काढेल. सव्वादोन वाजता, बहुतेक.

सकाळी रिगाहून उत्तर:
पडत नाही आता. पण दोन टक्के हळू झालंय.
मी लिहिलं, तोंड उघडं ठेवलंय अजून,
दुपारी उतरू.

तिला काय कळलं असेल कोण जाणे.
बरं, म्हणाली.